आधी आडनाव, मग नाव

युरोपात पाऊल ठेवले की आपले आडनाव मागे जाते आणि नाव पुढे येते. हंगेरीत मात्र नेमके उलटे! जगाला 'बेला बार्तोक' म्हणून ठाऊक असलेला थोर संगीतकार स्वतःच्या देशात 'बार्तोक बेला' असतो. बुडापेस्टमधल्या पाट्या वाचताना मला आमच्या कॉलेजचा हजेरीपटच आठवला.

मराठीचे व्याकरण शिकवणाऱ्याचे लक्ष राजवाड्यांआधी विभक्तीकडे जाते, त्याला इलाज नाही. 'हाझ' म्हणजे घर. 'हाझबॉन' म्हणजे घरात, 'हाझबोल' म्हणजे घरातून. प्रत्यय आपल्यासारखाच शब्दाला मागून चिकटतो. 'हाझॉमबॉन' म्हटले की 'माझ्या घरात' एवढे सगळे एका शब्दात मावते. आणि नाते म्हणाल तर काहीच नाही! इंग्रजी, जर्मन या मराठीच्या दूरच्या का होईना, बहिणी. हंगेरियन त्या गोतावळ्यातली नव्हेच. तिचे जवळचे आप्त उरल पर्वतापलीकडे सैबेरियात, तर लांबचे फिनलंडात. 'तो' आणि 'ती' यांना तिच्यात एकच शब्द. आपली तीन लिंगे पाठ करणाऱ्या परभाषी विद्यार्थ्यांची मला तिथे फार कीव आली.

माणसांची हाक मात्र अगदी घरची. मुले वडीलधाऱ्या बाईच्या नावापुढे 'नेनी' लावतात, पुरुषाच्या नावापुढे 'बाची'. म्हणजे आपल्या मालतीकाकू नि रामकाकाच की!

ही भाषा आज तिथे राजरोस नांदते आहे, पण ते सुख फुकट मिळालेले नाही. १८४४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती. व्हिएन्नाच्या दरबारात मान जर्मनला. १८२५ साली सेचेनी इश्त्वान या तरुण सरदाराने हंगेरियन विद्येची अकादमी स्थापन व्हावी म्हणून आपल्या जहागिरीचे वर्षाचे सगळे उत्पन्न देऊ केले. हा गृहस्थ जन्मला व्हिएन्नात आणि रोजनिशी लिहीत असे जर्मनमध्ये! डॅन्यूबकाठच्या अकादमीच्या भिंतीवर त्या दानाचा प्रसंग ब्राँझमध्ये कोरलेला आहे. त्यापुढे मी बराच वेळ उभा होतो.

याच ध्यासाचा दुसरा वेडा आपल्याकडे येऊन पोचला. आपल्या लोकांचे मूळ शोधायला कोरोशी चोमा शांदोर १८१९ साली घराबाहेर पडला. मूळ सापडले नाही. पण लडाखच्या बाजूच्या मठांतून थंडीत कुडकुडत त्याने तिबेटी भाषा आत्मसात केली. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ साली कलकत्त्यात छापला गेला. १८४२ साली तो दार्जिलिंगला वारला. त्याची समाधी तिथेच आहे. स्वतःच्या भाषेच्या प्रेमापोटी निघालेला माणूस दुसऱ्यांच्या भाषेची सेवा करून गेला. खरे भाषाप्रेम संकुचित नसते, याला आणखी कोणता दाखला हवा?

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण दर्जा सरकार देते. भाषा घर जगवते. आपल्याकडे कोणी जहागीर मागत नाही. हा दिवाळी अंक वाचून झाला की इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडाला जवळ बसवून त्यातले एक पान त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आपल्या उत्पन्नातून एवढे तरी द्यायला काय हरकत आहे?