विश्लेषण : जोडीदार गेल्यावर मागे राहिलेला ससा खाणे का सोडतो? पहिले दोन दिवस कळीचे का?

चिंचवड परिसरात फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणे अनेकांना जमत नाही. मग मुलांच्या हट्टाखातर सशांची जोडी घरी येते. आई-वडील दोघेही नोकरीला, एक चाकणच्या कंपनीत पाळीत, दुसरा हिंजवडीत. घर दिवसभर बंद असले तरी दोन ससे एकमेकांना सोबत करतात. त्यांतला एक दगावला की दुसरा कोपऱ्यात बसून राहतो. तो ओरडत नाही, रडत नाही. त्यामुळे ‘शांत झालाय’ असा समज होतो. पण ही शांतता धोक्याची घंटा असू शकते.

सशाला सोबतीची इतकी गरज का?

सह्याद्रीच्या माळरानावर दिसणारा आपला रानससा बहुतेक वेळ एकटा राहतो. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याला पकडणे किंवा पाळणे गुन्हा ठरतो. घरात पाळला जाणारा ससा मात्र मूळचा युरोपातला, वेगळ्याच जातीचा. हे ससे जमिनीखाली बिळांचे जाळे खणून गटाने राहतात. एकमेकांना चाटून साफ करणे, अंगाला अंग लावून झोपणे, धोका दिसला की मागचा पाय आपटून इतरांना सावध करणे, हा त्यांचा रोजचा व्यवहार असतो. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून गटाने राहणाऱ्या प्राण्यांना स्वजातीयांची सोबत देणे कायद्याने बंधनकारक केले आहे.

जोडीदार गेल्यावर वागण्यात काय बदल होतो?

सशाच्या मनात नेमके काय चालते, हे मोजता येत नाही. वागणे बदलते ते मात्र दिसते. काही ससे घरभर फिरून शोधत राहतात, काही जोडीदाराच्या जागेवर बसून राहतात. काही चिडचिडे होतात आणि चावतात, तर काही माणसाला एरवीपेक्षा जास्त चिकटतात. हे काही दिवस किंवा काही आठवडे चालू शकते. यातले बरेचसे हळूहळू निवळते. खाणे थांबले तर मात्र वाट पाहून चालत नाही.

खाणे थांबणे जिवावर का बेतते?

सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. गवतातील तंतू त्याला पुढे ढकलत राहतात. ताण आला की आतड्याची हालचाल मंदावते. आतले अन्न कोरडे होऊन साचते, वायू धरतो, पोट दुखते. पोट दुखते म्हणून ससा आणखी कमी खातो आणि आतडे आणखी मंदावते. सशाला उलटीही करता येत नाही. शिवाय ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवतो. त्यामुळे दहा-बारा तासांत ससा काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

पहिल्या ४८ तासांत काय करावे?

मृत्यू संसर्गजन्य आजाराने झाला नसेल, तर जोडीदाराचा मृतदेह काही वेळ सशाजवळ राहू द्यावा, असा सल्ला पशुवैद्य देतात. हुंगून, चाटून झाले की अनेक ससे आपणच बाजूला होतात. मृत्यूचे कारण कळले नसेल, तर उरलेल्या सशाचीही तपासणी करून घ्यावी. मृतदेहाच्या विल्हेवाटीसाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे चौकशी करता येते.

पिंजरा लगेच धुऊन काढू नये, जागा बदलू नये. ओळखीचा वास आधार देतो. वाळलेले गवत आणि पाणी कायम समोर ठेवावे. कोथिंबीर, ताजी हराळी यांसारखा आवडता पाला हाताने द्यावा. पोळी, ब्रेड, बिस्किटाने लाड करू नयेत. सशाच्या पोटाला ते सोसत नाही. निरोगी ससा दिवसाला शंभराहून अधिक लेंड्या टाकतो. म्हणून रोज ट्रे पाहावा. लेंड्या लहान, कोरड्या किंवा कमी झाल्या, तर तो पहिला इशारा समजावा.

ससे पहाटे आणि संध्याकाळी जास्त जागे असतात. त्या वेळी उचलून घेण्यापेक्षा जमिनीवर शेजारी बसावे. उन्हाळ्यात बाल्कनीत ठेवू नये, कारण उष्णताही सशाच्या जिवावर बेतते.

घरच्या घरी औषध देता येईल का?

नाही. अमॉक्सिसिलिनसारखी तोंडावाटे दिली जाणारी काही प्रतिजैविके सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिल हे औषधही सशाला घातक आहे. सगळेच पशुवैद्य ससे तपासत नाहीत. त्यामुळे ससे तपासणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आधीच शोधून ठेवावा.

दुसरा ससा लगेच आणावा का?

घाई करू नये. ससे आपल्या जागेवर हक्क सांगतात. अनोळखी ससा थेट पिंजऱ्यात सोडला तर जीवघेणी मारामारी होऊ शकते. आधी मागे राहिलेला ससा नीट खाऊ लागावा. दोघांची नसबंदी झालेली असावी. नसबंदी केलेली नर-मादीची जोडी सहसा चांगली जमते. नराची पिल्ले होण्याची क्षमता मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे टिकते, आणि मादी साधारण महिनाभरात विते.

सुरुवातीला दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, अंथरूण अदलाबदल करावे. नंतर दोघांनाही नवी असेल अशा जागेत, डोळ्यांसमोर थोडा थोडा वेळ भेटवावे. याला काही आठवडे लागू शकतात. सोबतीला गिनीपिग आणणे हा पर्याय नव्हे. दोघांचा आहार वेगळा असतो आणि सशाच्या लाथेने गिनीपिग जखमी होऊ शकतो.

नवा ससा आणायचाच नसेल तर?

ससा म्हातारा असेल किंवा घरच्यांना पुन्हा जोडी नको असेल, तर सोबतीची जबाबदारी माणसांवर येते. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो, म्हणजे हा प्रश्न वर्षानुवर्षांचा असू शकतो. दोघेही पाळीत काम करत असतील, तर निदान पहिले दोन दिवस एकाने सुट्टी घ्यावी किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. कामावर निघताना आणि परतल्यावर दोनच गोष्टी पाहायच्या : गवत कमी झाले का आणि ट्रेमध्ये लेंड्या आहेत का.