गोटी पुढे, बांगडी मागे: रोटेशनचं गणित एनर्जीने सोडवूया

स्टेट बोर्डाच्या बारावी फिजिक्समध्ये पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा. तिथे मी एक चूक कायम करायचो. उतारावरून गडगडत येणाऱ्या वस्तूचा वेग काढायला 'एमजीएच बरोबर अर्धा एमव्ही स्क्वेअर' लिहून मोकळा! उत्तर हमखास चुकायचं.

कारण वस्तू नुसती पुढे जात नाही, ती फिरतेही. उंचीतून मिळालेली एनर्जी दोन खात्यांत वाटली जाते. फिरण्याचं खातं म्हणजे अर्धा आय ओमेगा स्क्वेअर. यातला आय म्हणजे जडत्व आघूर्ण, वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय याचा हिशोब. वस्तू घसरत नसेल तर ओमेगाच्या जागी वेग भागिले त्रिज्या टाका.

आता १ मीटरची फळी घ्या, एक टोक २० सेंटीमीटर वर. जी १० धरू.

बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून आय बरोबर एमआर स्क्वेअर. दोन्ही खाती मिळून एमव्ही स्क्वेअर होतात, खालचा वेग सुमारे १.४१ मीटर प्रति सेकंद. भरीव गोटीचा आय याच्या दोन पंचमांश, बेरीज ०.७ एमव्ही स्क्वेअर, वेग १.६९. माझ्या जुन्या पद्धतीने दोघांचंही उत्तर २ आलं असतं! गंमत बघा, वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कटतात. गोटी लहान असो की मोठी, फरक पडत नाही.

इथे हमखास शंका येते: घर्षण आहे, मग एनर्जी टिकते कशी? गडगडताना टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे तिथलं घर्षण काहीच वर्क करत नाही. घसरायला लागली की मात्र एनर्जी उष्णतेत जाते आणि हे समीकरण चालत नाही. घर्षणबल किती, असं विचारलं तर बलाच्या किंवा टॉर्कच्या समीकरणाकडे वळावं लागतं.

पटत नसेल तर फोन काढा. वेग शून्यापासून एकसारखा वाढतो, म्हणून सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा. त्यावरून गोटीला १.१८ सेकंद लागतात, बांगडीला १.४१. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओतही हा ७ फ्रेमचा फरक मोजता येतो, स्लो-मोशन नसलं तरी चालेल. बांगडी रुंद घ्या, म्हणजे आडवी पडणार नाही. दोघींना पट्टीने अडवून ठेवा आणि पट्टी झटकन उचला. हाताने सोडलं तर नकळत धक्का बसतो.