गटारात उतरणारा डोळा

मोरी तुंबली, की आपण बांबूची कामटी खुपसतो. पाणी उतरते, चार दिवसांनी पुन्हा तुंबते; कारण दोष आपल्याला दिसलेलाच नसतो.

पश्चिम नागपुरातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाइपचे सांधे हलतात, फटींतून मुळे शिरतात. लवचीक केबलच्या टोकाला दिवा व कॅमेरा लावून आत सरकवला, की मुळे, साठलेले तेल, खचलेला पाइप वेगवेगळे ओळखू येतात. आत गेलेल्या केबलच्या लांबीवरून कुठे खणायचे तेही कळते. गढूळ पाण्यात मात्र कॅमेरा आंधळाच.

मोठ्या गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू माणसाचा जीव घेतो. संरक्षक साधनांशिवाय कोणाला तिथे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कॅमेरा जाऊ शकतो, तिथे आपण माणूस का पाठवावा?