तासभर बोलणारं विज्ञान

मार्च 2020च्या दुसऱ्या आठवड्यात जर्मनीत शाळा बंद कराव्यात की नाही, यावर राज्याराज्यांत खल चालला होता. 12 तारखेला बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले विषाणुतज्ज्ञ क्रिस्टियान ड्रॉस्टन यांनी आपल्या पॉडकास्टमध्ये सांगितलं, की या प्रश्नावर त्यांचं मत बदललं आहे. आदल्या दिवसापर्यंत शाळा बंद ठेवून फारसं काही साधेल असं त्यांना वाटत नव्हतं. मग अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याने त्यांना 2007 सालचा एक शोधनिबंध पाठवला. 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतल्या 17 शहरांनी कोणते निर्बंध केव्हा लावले आणि त्यांचा मृत्यूंच्या संख्येवर काय परिणाम झाला, याचा तो अभ्यास. फिलाडेल्फियात साथ शिरल्यानंतरही मोठी मिरवणूक निघाली होती. शाळा, चर्च, नाटकगृहं बंद व्हायला दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला. सेंट लुईसने पहिले रुग्ण आढळल्यावर दोनच दिवसांत पावलं उचलली. साथ भरात असतानाचा मृत्युदर फिलाडेल्फियात कित्येक पटींनी जास्त होता. निर्बंध लवकर आणि एकत्रितपणे लावले तर उपयोग होतो, आणि त्यांत शाळाही येतात, असं हा निबंध वाचून ड्रॉस्टन यांना वाटू लागलं.

वैज्ञानिकाने मत बदलणं ही रोजची गोष्ट आहे. एरवी ते बदलतं परिषदांमध्ये, ईमेलमध्ये, प्रयोगशाळेतल्या सोमवारच्या बैठकीत. आपल्यापर्यंत पोचतो तो निकाल, आणि तोही बातमीच्या मथळ्याएवढा. इथे कालचं मत, नव्याने हाती आलेला पुरावा आणि आजचं मत हे तिन्ही एका माणसाच्या तोंडून, त्याच्याच शब्दांत, सलग ऐकायला मिळालं. पॉडकास्टने विज्ञानाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. विज्ञान सोपं करून सांगणारे पुष्कळ आहेत. विज्ञान कसं ठरतं, हे ते ठरत असतानाच ऐकवणारं माध्यम मात्र विरळा.

या पॉडकास्टचं नाव होतं ‘दास कोरोनाव्हायरस-अपडेट’. उत्तर जर्मनीच्या एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 26 फेब्रुवारी 2020 रोजी तो सुरू केला. पश्चिमेकडच्या हाइन्सबर्ग जिल्ह्यात कार्निव्हलनंतरचे रुग्ण सापडायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. ड्रॉस्टन यांची निवड योगायोगाची नव्हती. 2003मध्ये हॅम्बुर्गच्या बर्नहार्ड नोख्त संस्थेत असताना सार्सचा विषाणू ओळखणाऱ्या आणि त्याची चाचणी बनवणाऱ्यांपैकी ते एक होते. जानेवारी 2020मध्ये नव्या कोरोनाविषाणूसाठी त्यांच्या गटाने तयार केलेली चाचणीपद्धत जागतिक आरोग्य संघटनेने जगासाठी खुली केली होती. रेडिओवर बोलायला येणारा हा माणूस दिवसभर त्याच विषाणूवर काम करत होता.

सुरुवातीला सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, साधारण अर्ध्या तासाचा. पुढे भाग कमी झाले आणि लांबी वाढली. काही भाग दीड तासाच्या पुढे गेले. समोर कोरिना हेनिग किंवा आन्या मार्टिनी या विज्ञान-पत्रकार. या दोघींचं श्रेय सहज विसरलं जातं, म्हणून ते ठळकपणे सांगायला हवं. त्या निबंध वाचून यायच्या. उत्तर गुंतागुंतीचं झालं की थांबवायच्या, एखादी संज्ञा निसटली की अर्थ विचारायच्या, कालच्या आणि आजच्या बोलण्यात अंतर दिसलं की तिथे बोट ठेवायच्या. एकटा वैज्ञानिक बोलू लागला की व्याख्यान होतं. जाणकार प्रश्नकर्ता समोर असला की ऐकणाऱ्याला आपली शंका कुणीतरी मांडतंय असं वाटतं. प्रत्येक भागाचं लिखित रूपही प्रसिद्ध होत असे. त्यामुळे शिक्षकांना, डॉक्टरांना, ऐकू न येणाऱ्यांना आणि उद्याच्या इतिहासकारांनाही ते उपलब्ध झालं.

अर्धा तास मिळाला की काय करता येतं, याची दोन उदाहरणं देतो. पहिलं पीसीआर चाचणीचं. 2020मध्ये ही तीन अक्षरं जगातल्या प्रत्येक घरात पोचली, पण चाचणी नेमकी काय मोजते हे थोड्यांनाच कळलं. या विषाणूचा वारसा आरएनएच्या धाग्यात असतो. त्याची आधी डीएनएमध्ये नक्कल करतात. मग तापमान वर-खाली करत त्या डीएनएचा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट करत जातात. 10 फेऱ्यांत एकाचे हजारावर होतात, 30 फेऱ्यांत शंभर कोटींवर. कितव्या फेरीला यंत्राला खूण दिसली, यावरून मूळ नमुन्यात विषाणूचा अंश किती होता याचा अंदाज येतो. फेऱ्या कमी लागल्या तर विषाणू भरपूर. खूप लागल्या तर कदाचित आजार ओसरल्यानंतरचे अवशेष. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दात बऱ्याच निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. हे समजलेला माणूस अहवाल हातात घेऊन डॉक्टरांना वेगळे प्रश्न विचारतो.

दुसरं उदाहरण माझ्या मते त्या पॉडकास्टची मोठी कमाई आहे. एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो, तो आकडा वर्तमानपत्रांत रोज छापून येत होता. ड्रॉस्टन यांनी मे 2020मध्ये श्रोत्यांना त्या सरासरीच्या आत नेलं. समजा 10 रुग्णांनी मिळून 20 जणांना संसर्ग दिला. सरासरी 2. पण प्रत्यक्षात असंही असू शकतं, की एकट्याने 14 जणांना दिला, तिघांनी दोघादोघांना आणि उरलेल्या सहांनी कुणालाच नाही. कोरोनाविषाणूचा प्रसार असाच विषम होता: थोडे रुग्ण, बंद खोल्या, गर्दी, गाणं-ओरडणं, आणि तिथून एकदम मोठा समूह बाधित. प्रसार असा असेल तर साथ रोखायची पद्धतही बदलते. नव्या रुग्णाने पुढे कुणाला संसर्ग दिला असेल हे शोधण्याबरोबर त्याला तो कुठून लागला हे मागे जाऊन शोधणं महत्त्वाचं ठरतं, कारण तिथे त्याच्यासारखे आणखी अनेक सापडण्याची शक्यता असते. जपानने हाच मार्ग धरला होता. सरासरीभोवती आकडे कसे विखुरतात, ही सांख्यिकीतली कल्पना विद्यापीठातही जड जाते. रेडिओच्या श्रोत्यांनी ती उचलली, कारण ती समजावून द्यायला वेळ होता.

वेळेबरोबर आवाजही महत्त्वाचा. छापील वाक्यात ‘शक्यता आहे’ हे शब्द डोळ्यांखालून निघून जातात. बोलताना माणूस थांबतो, शब्द शोधतो, आधीचं वाक्य मागे घेऊन दुसरं करतो. विधानावर बोलणाऱ्याचा किती भरवसा आहे, ते ऐकणाऱ्याला त्या थांबण्यावरून कळतं. त्या काळात बरेचसे निबंध तज्ज्ञांची तपासणी होण्याआधीच इंटरनेटवर येत होते. ड्रॉस्टन ते श्रोत्यांसमोर उलगडायचे: नमुना किती मोठा आहे, तुलना कुणाशी केली आहे, काय सिद्ध झालंय आणि काय नुसतं सूचित होतंय.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. प्रतिबंध यशस्वी झाला की तो अनावश्यक होता असं वाटू लागतं. जे मृत्यू टळले त्यांचे चेहरे नसतात. साथरोगशास्त्रातलं हे जुनं दुखणं. त्याची झळ खुद्द त्यांना लवकरच लागली. जर्मनीतली पहिली लाट तुलनेने आटोक्यात राहिली आणि अर्थव्यवस्थेचं नुकसान करणारा माणूस म्हणून लोक त्यांच्याकडेच बोट दाखवू लागले. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याआधी, मार्चअखेरच, पॉडकास्टमध्ये त्यांनी माध्यमांना सुनावलं होतं: वैज्ञानिक राजकीय निर्णय घेत नाहीत, त्यांना निर्णयकर्ते म्हणून रंगवणं थांबलं नाही तर विज्ञानाला मागे हटावं लागेल.

त्यानंतर मे महिन्यातलं प्रकरण. लहान मुलांच्या घशात विषाणूचं प्रमाण मोठ्यांइतकंच असतं का, यावर ड्रॉस्टन यांच्या गटाने एप्रिलअखेर 3,700हून अधिक बाधितांची आकडेवारी मांडली होती. वयोगटांमध्ये लक्षणीय फरक आढळत नाही, असा निष्कर्ष होता. सांख्यिकीतज्ज्ञांनी विश्लेषणाच्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतले; अशी टीका हा शास्त्राचा नित्यक्रम आहे. ‘बिल्ड’ या मोठ्या खपाच्या दैनिकाने मात्र त्या आक्षेपांतून अभ्यासच साफ चुकीचा असल्याची बातमी रचली आणि उत्तरासाठी ड्रॉस्टन यांना एका तासाची मुदत दिली. त्यांनी ती विचारणाच जाहीर केली. ज्यांचे दाखले बातमीत होते, त्या सांख्यिकीतज्ज्ञांनीही बातमीपासून अंतर राखलं. पुढच्या भागात पद्धतीवरचे आक्षेप काय आहेत, त्यांत कुठे तथ्य आहे आणि निष्कर्ष कुठवर टिकतो, यावर सविस्तर बोलणं झालं. जूनमध्ये सुधारित मसुदा आला. 2021 साली त्याच कामाचा पुढचा टप्पा, 25,000हून अधिक बाधितांवरचा, ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलांमधलं प्रमाण थोडं कमी दिसलं, पण फरक मोठा नव्हता.

या प्रकरणातून मला माध्यमाची ताकद आणि त्याची जोखीम एकदमच दिसते. तासभराच्या बोलण्यातून एक वाक्य कापून घेणं कुणालाही जमतं, आणि बोलणारा जितका प्रामाणिकपणे शंका बोलून दाखवेल तितकी कापण्याजोगी वाक्यं जास्त. पण ज्यांनी पूर्ण तास ऐकला होता, त्यांना त्या वाक्याची जागा माहीत होती. सगळा भार एका चेहऱ्यावर पडणं मात्र वाईटच. सप्टेंबर 2020पासून फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या विषाणुतज्ज्ञ सांड्रा त्सीझेक आलटून-पालटून बोलू लागल्या. तो निर्णय आधीच व्हायला हवा होता असं मला वाटतं. नियमित भाग 2022च्या मार्चअखेर थांबले.

हा पॉडकास्ट साथीच्या घाईत अचानक उगवला असं वाटू शकतं. विषाणुशास्त्रात त्याला पूर्वज आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले व्हिन्सेंट रॅकॅनिएलो 2008पासून ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’ चालवतात. तिथे विषाणुतज्ज्ञ एकमेकांशी त्या आठवड्यातल्या निबंधांवर बोलतात आणि बाकीचं जग ते ऐकतं. जर्मन भाषेत तर तोवर दहा-बारा वर्षांची मशागत झालेली होती. कार्लस्रुहच्या तंत्रशास्त्र संस्थेतल्या गणितज्ञांनी 2013मध्ये ‘मोडेलआनझात्स’ सुरू केला. गणिती प्रारूपं कशाला लागतात हे तिथे गणित करणारेच सांगतात. त्याच वर्षी डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठातल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘मेथोडिश इनकोरेक्ट’ आणला. नवे निबंध आणि त्याबरोबर एखादा प्रयोग, असं त्याचं रूप. पुढे त्यांचे प्रयोग नाटकगृहांतून होऊ लागले, लोक तिकीट काढून येऊ लागले.

अभियंत्यांसाठी तर हे माध्यम फारच सोयीचं ठरलं. वैज्ञानिकाच्या कामाची निदान बातमी होते. अभियंत्याचं काम बिघडलं तरच होते. टिम प्रिटलोव्ह यांनी 2010मध्ये युरोपीय अंतराळ संस्था आणि जर्मन अंतराळ केंद्र यांच्या साथीने ‘राउमत्साइट’ सुरू केला. मोहिमा चालवणारी माणसं तिथे तास-दोन तास बोलतात. मार्कुस फ्योल्टर हे सॉफ्टवेअर अभियंता आणि ग्लायडर उडवणारे. त्यांचा 2008 सालचा ‘ओमेगा टाऊ’ जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चालला. एवढा वेळ का लागतो, हे धूमकेतूकडे निघालेल्या रोझेटा यानावरून कळतं. सूर्यापासून फार दूर गेल्यावर सौरपट्ट्यांना पुरेसा प्रकाश मिळेना, म्हणून जून 2011मध्ये यान जवळजवळ पूर्ण झोपवलं गेलं आणि 20 जानेवारी 2014 रोजी आपलं आपण जागं झालं. मधले 31 महिने पृथ्वीशी काही संपर्क नाही. बातमी जागं होण्याची झाली. कोणती यंत्रणा चालू ठेवायची, कुठे किती ऊब लागेल, गजर चुकला तर पुढे काय, हा विचार वर्षानुवर्षं ज्यांनी केला त्यांच्याकडे सांगण्यासारखं कितीतरी अधिक असतं.

हे वाचणाऱ्या मराठी माणसासाठी असाच एक विषय हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले, आणि पुण्याची आयुका या कामातल्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब निर्वात नळ्या. त्यांच्या टोकांशी टांगलेले सुमारे 40 किलो वजनाचे आरसे. आणि मोजायचा आहे तो लांबीतला, प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहून सूक्ष्म असा बदल. आसपासच्या गावांत प्रश्न नक्की असतील. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर यंत्राला कळतं का? नळीतली हवा काढायची कशासाठी, आणि ती परत शिरणार नाही याची काळजी कशी घेणार? जमीन का लागली, इथलीच का निवडली? वेधशाळा पूर्ण झाल्यावर भव्य उद्घाटन होईल, तेव्हा भाषणं होतीलच. मला ऐकायचं आहे ते त्याआधीचं, बांधकामाच्या वर्षांतलं: नळीचा सांधा जोडणाऱ्या अभियंत्याने दर महिन्याला तासभर, मराठीत, तयारीने आलेल्या पत्रकाराच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं, आणि एखादी चाचणी फसली तर ती का फसली, हेही त्याच्याच तोंडून.