कुंडीतला वृद्ध वृक्ष

पलूसच्या परिसरात द्राक्षांच्या बागा पुष्कळ आहेत. या बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीत काड्या अगदी बुडाजवळ कापतात, फक्त एखादा डोळा राखतात. काही दिवसांतच त्या डोळ्यातून नवी फूट येते.

पण सगळीच झाडे द्राक्षवेलीसारखी नसतात. शाळेच्या आवारात तुम्ही मोरपंखीचे झाड पाहिले असेल. त्याचे चपटे हिरवे पान मुले ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपून ठेवतात. हे झाड देवदार आणि चीड यांच्या वर्गातले, म्हणजे सूचिपर्णी आहे. या वर्गातील बहुतेक झाडे जुन्या, उघड्या लाकडावर पुन्हा फुटत नाहीत. फांदीवरचा सगळा हिरवा भाग कापला, तर ती फांदी वाळून जाते. म्हणूनच अशा जुन्या झाडाचे बोन्साय करणे हे कसोटीचे काम आहे.

बोन्साय हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ ‘उथळ कुंडीत लावलेले झाड’. ही कला प्रथम चीनमध्ये सुरू झाली आणि पुढे जपानमध्ये बहरली. मोठ्या वृक्षाचे सारे रूप लहानशा कुंडीत दिसावे, हा तिचा हेतू.

या कामासाठी जाड बुंध्याचे, निरोगी झाड निवडतात. कलावंत लगेच कात्री उचलत नाही. तो झाडाच्या भोवती फिरतो. बुंधा कोठे वळला आहे, मुळे कशी पसरली आहेत, झाडाची पुढची बाजू कोणती, हे तो आधी ठरवतो. मग नको असलेल्या फांद्या काढतो. राहिलेल्या फांद्यांना तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतो आणि त्या हळूहळू वाकवतो. जुन्या झाडाच्या फांद्या बहुधा खाली झुकलेल्या असतात. त्यामुळे फांदी खाली वळवली की झाड वयस्कर दिसते. तार सालीत रुतण्याआधी काढावी लागते. मुळांची छाटणी त्याच वेळी करत नाहीत. झाडाला दोन जखमा एकदम सोसत नाहीत.

वाळलेली फांदी मात्र नेहमीच काढून टाकत नाहीत. तिची साल सोलतात आणि तिला गंधक व चुना यांचे मिश्रण लावतात. त्यामुळे लाकूड पांढरे होते आणि लवकर कुजत नाही. पांढरे मृत लाकूड आणि त्याच्या शेजारी हिरवी पालवी पाहिली, की या झाडाने किती वादळे सोसली असतील, असे मनात येते.

झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. बोन्सायला ऊन, खत आणि वेळेवर पाणी लागते. कुंडी उथळ असल्यामुळे माती लवकर सुकते. ऐन उन्हाळ्यात काही दिवस पाणी चुकले, तर कित्येक वर्षांची मेहनत वाया जाते.

जपानमधील हिरोशिमा शहरात यामाकी नावाच्या कुटुंबाकडे असाच एक पाइन वृक्ष होता. तो १६२५ सालापासून कुंडीत वाढत होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. यामाकींचे घर तेथून सुमारे तीन किलोमीटर दूर होते. घरातील माणसे वाचली आणि भिंतीच्या आडोशामुळे झाडही वाचले. ज्या अमेरिकेने बाँब टाकला, तिलाच जपानने १९७६ साली ५३ बोन्साय भेट दिली. त्यांत हे झाड होते. ते काय सोसून आले आहे, याची त्या वेळी तेथे कोणी चर्चा केली नाही. २००१ साली यामाकींचे नातू ते पाहायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा ही हकीकत सर्वांना कळली.

चारशे वर्षे कोणी एक माणूस झाडाला पाणी घालू शकत नाही. बापाने मुलाच्या आणि मुलाने नातवाच्या हाती ते काम दिले. पुढे परक्या देशातील माळ्यांनी ते पत्करले. उर्दूत ज्याला ‘सब्र’ म्हणतात, त्याला मराठीत ‘सबुरी’ असा शब्द आहे. कुंडीतला वृद्ध वृक्ष रोजच्या एवढ्याशा पाण्यावर आणि अनेक माणसांच्या सबुरीवर जगतो.