स्पॅनिशचे पहिले शब्द घरातच

बीडमध्ये बसून स्पॅनिश शिकायची, तर पहिला धडा स्वयंपाकघरात मिळतो. पोर्तुगीजांकडून मराठीत साबण, चावी, मेज, पाव, पगार असे शब्द आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून साबण तिकडे 'हाबोन', चावी 'याबे', मेज 'मेसा', पाव 'पान'. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपला पगार याच शब्दाच्या पोर्तुगीज रूपातून आला. एका ठिकाणी मात्र जपा: स्पेनमध्ये 'बाताता' मागितलात तर रताळं मिळेल. बटाट्याला तिथे 'पाताता' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'पापा'.

उच्चारांत तर आपण भाग्यवान. स्पॅनिश त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणायचे, अगदी मराठीसारखे. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ.

शब्द लिंगासकट पाठ करा, ही माझी कळकळीची विनंती. तिथे दोनच लिंगं. 'एल हाबोन' म्हणजे तो साबण, 'ला याबे' म्हणजे ती चावी, इथे जुळतं. पण आपलं ते मेज तिकडे 'ला मेसा', म्हणजे स्त्रीलिंगी. चांगला-चांगली तसं 'बुएनो-बुएना'. आदराचं 'तुम्ही'ही आहे: 'उस्तेद'. लहान भावंडाला 'तू' म्हणायचं, तर तिकडेही 'तू'च!

रोज पाच चिठ्ठ्या लिहून वस्तूंवर चिकटवा, हात लावताना शब्द मोठ्याने म्हणा. बालाघाटच्या डोंगरातलं, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं सीताफळ मुळात अमेरिका खंडातलं. स्पॅनिशमध्ये त्याला 'अनोना' म्हणतात. टोपलीवर पहिली चिठ्ठी तीच लावा.