रिपोर्ट ठीक, मग मंडपात का अडतं?

‘कानांचा रिपोर्ट वयाच्या मानाने ठीक आहे म्हणतात, मग लग्नाच्या हॉलमध्ये शेजारी बसलेल्या साडूंचं बोलणं का कळत नाही?’ एका वाचकांनी विचारलंय. तक्रार खरी आहे, तोकडी पडते ती तपासणी. शांत खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्‌झचे सूर ऐकवायचे, हा तिचा गाभा. मैदानावर आठचा आकडा काढून लायसन्स मिळवायचं आणि पावसात वरंधा घाट उतरायचा, तशातली गत. गोंगाटातले शब्द ऐकवूनही तपासा, असं कारहार्ट आणि टिलमन या अमेरिकी तज्ज्ञांनी १९७० मध्येच सुचवलं होतं. अजूनही बहुतेक ठिकाणी सुरांवरच भागतं.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. ‘स’चा जोर बराचसा ४००० हर्ट्‌झच्या वर, म्हणून मंडईच्या कालव्यात ‘साठ’चं ‘आठ’ होतं आणि पैसे देताना वाद. पण सूर ठीक ऐकू येऊनही शब्द निसटतात, ते का? शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांत दाखवलं की मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली, कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्यांना चेतातंतूंशी जोडणारे सांधे काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे गेले. माणसांत यामुळे नेमकं किती अडतं, यावर वाद चालू आहे.

या कोड्यातला माझा आवडता माणूस मात्र लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा कॉलिन चेरी. १९५३ मध्ये त्याने दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकच मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. लोकांनी ते बिनचूक केलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच इंग्रजीतून जर्मनवर गेलं, तरी पत्ता नाही! पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली, की मात्र लगेच कळे. म्हणजे निवड कान एकटा करत नाही, मेंदू करतो. उतारवयात मेंदू संदर्भावरून गाळलेल्या जागा छान भरतो. पण त्यात इतका खर्ची पडतो, की ऐकलेलं लक्षात कमी राहतं.

अनेक आवाजांतून एकच निवडणारं यंत्र कसं बांधावं, असंही चेरीने विचारलं होतं. आजच्या जाहिराती तर ‘एआय’ श्रवणयंत्र सगळा गोंगाट पुसेल म्हणतात. पंख्याची घरघर ते कमी करतं, समोरचा आवाज उचलून धरणारे मायक्रोफोनही खरोखर उपयोगी. पण हॉलमध्ये गोंगाट म्हणजे माणसंच, आणि तुम्हाला साडूंचं ऐकायचंय की मागे रंगलेल्या भांडणाचं, हे यंत्राला कोण सांगणार?